वाटशोधक सॉफ्टवेअर कुठे चुकते? : ग्वारीघाटाच्या उदाहरणावरून

या पाठातून काय शिकाल

• मोबाइलवरचा नकाशा रस्ता कसा शोधतो, याची मूळ कल्पना
• त्या उत्तरात चूक कोणकोणत्या ठिकाणी शिरू शकते
• सगळ्या चुका सारख्याच धोक्याच्या का नसतात
• वापरणारा म्हणून आणि पुढे कदाचित असे सॉफ्टवेअर घडवणारा म्हणून तुम्ही काय करू शकता

१. प्रस्तावना

समजा, तुम्ही जबलपूरला ग्वारीघाटावर उभे आहात. समोर नर्मदा आहे. तुम्ही उत्तर तीरावर आहात आणि पलीकडच्या दक्षिण तीरावर गुरुद्वारा दिसतो आहे. घाटावरून नावा सुटतात आणि काही मिनिटांत लोक पलीकडे पोचतात. आता खिशातला मोबाइल काढा आणि मोटारीने पलीकडे जायचा रस्ता विचारा. तिलवाराघाटाच्या पुलावरून मोठा वळसा घालावा लागेल, कारण मोटार नावेत बसत नाही. या उत्तरात काही चूक नाही.

आता तुमच्याशेजारी खांद्याला झोळी आणि हातात काठी असलेले एक गृहस्थ उभे आहेत असे समजा. ते नर्मदा परिक्रमा करत आहेत. महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक जण ही परिक्रमा करायला जातात, तेव्हा कदाचित ते तुमच्याच गावचे असतील. परिक्रमेचा नियम असा, की नर्मदा नेहमी उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र मध्येच ओलांडायचे नाही. या गृहस्थांच्या दृष्टीने नाव आणि पूल हे दोन्ही रस्ते नाहीतच. प्रश्न तोच, जागा तीच, नदीही तीच, पण बरोबर उत्तर वेगळे आहे.

वाटशोधक सॉफ्टवेअरच्या उणिवा समजून घ्यायला हा घाट सोयीचा आहे, कारण पूल, नाव, वरचे धरण, पावसाळ्यातला पूर आणि परिक्रमेची वाट हे सगळे इथे एका जागी भेटते. या पाठात आपण प्रथम असे सॉफ्टवेअर काम कसे करते ते पाहू आणि मग त्याच्या चार प्रकारच्या चुका एकेक करून तपासू.

२. रस्त्यांचे जाळे आणि सर्वांत स्वस्त वाट

संगणकाला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त एक जाळे माहीत असते. जिथे रस्ते मिळतात किंवा फुटतात ती ठिकाणे म्हणजे बिंदू. दोन बिंदूंना जोडणारा रस्त्याचा तुकडा म्हणजे दुवा. प्रत्येक दुव्याला एक संख्या दिलेली असते, तिला भार म्हणतात. हा भार म्हणजे अंतर, वेळ, इंधन किंवा टोल यांपैकी काहीही असू शकते. बहुतेक वेळा तो वेळ असतो.

एकदा असे जाळे हातात आले, की प्रश्न निव्वळ गणिताचा उरतो: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत ज्या वाटेच्या भारांची बेरीज सर्वांत कमी आहे ती वाट शोधा. हा प्रश्न सोडवण्याची प्रसिद्ध रीत डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये शोधली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी त्यांनी नेदरलँड्समधल्या ६४ शहरांचा नकाशा वापरला होता. पुढे १९६८ मध्ये 'ए स्टार' ही सुधारित रीत आली. आज त्याहून पुष्कळ वेगवान रीती वापरात आहेत आणि अख्ख्या देशाच्या जाळ्यात वाट शोधायला सेकंदाचा लहानसा अंशही पुरतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. डाइक्स्ट्रा यांची रीत गणिताने सिद्ध झालेली आहे. भार ऋण नसतील तर ती दिलेल्या जाळ्यातली सर्वांत स्वस्त वाटच देते, त्यात चुकत नाही. म्हणून 'ॲपने चुकीचा रस्ता दाखवला' असे आपण म्हणतो तेव्हा चूक बहुधा वाट शोधण्याच्या गणितात नसते. ती गणित सुरू होण्याआधीच झालेली असते. एकतर जाळे चुकलेले असते, नाहीतर भार चुकलेला असतो, नाहीतर नाव आणि जागेची गाठ चुकीची पडलेली असते, नाहीतर विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

सोडवलेले उदाहरण

खालील आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, मोजलेले नाहीत. 'घाट' हा उत्तर तीरावरचा बिंदू, 'वस्ती' हा दक्षिण तीरावरचा समोरचा बिंदू आणि 'पूल' हा तिसरा बिंदू.

• घाट ते पूल: ७ किमी, मोटारीचा वेग ताशी ३० किमी, म्हणजे १४ मिनिटे
• पुलावरून पलीकडे जाऊन वस्तीपर्यंत: ८ किमी, वेग ताशी ४० किमी, म्हणजे १२ मिनिटे
• घाट ते वस्ती, नावेने: थांबण्याचा वेळ धरून १० मिनिटे

आता चार प्रवाशांची उत्तरे काढू.

(अ) मोटारवाला. नावेचा दुवा मोटारीला लागू नाही. उत्तर: १४ + १२ = २६ मिनिटे.

(आ) पायी जाणारा, पण जाळ्यात नावेची नोंदच नाही. १५ किमी, ताशी ५ किमी वेगाने. उत्तर: ३ तास.

(इ) पायी जाणारा, जाळ्यात नाव आहे. उत्तर: १० मिनिटे.

(ई) परिक्रमावासी. नर्मदा ओलांडणारे दोन्ही दुवे त्याला वर्ज्य. उत्तर: या जाळ्यात वाट नाही.

चौथ्या उत्तराकडे परत एकदा पाहा. 'वाट नाही' हेही उत्तरच आहे आणि इथे तेच बरोबर आहे. चांगल्या वाटशोधकाला ते देता आले पाहिजे.

३. पहिली उणीव: जाळेच चुकीचे

जाळ्यातली चूक दोन प्रकारची असते.

एक, गळालेला दुवा: जमिनीवर वाट आहे, जाळ्यात नाही. वरच्या उदाहरणात (आ) मध्ये हेच झाले. शेतातली पायवाट, दोन वाड्यांना जोडणारी बैलगाडीची वाट, नदीवरची नाव अशा गोष्टी नकाशात सहसा सुटतात. उपग्रहाच्या चित्रावरून रस्ते ओळखताना झाडीखालची वाट दिसत नाही आणि नाव तर दिसण्याचा प्रश्नच नाही.

दोन, खोटा दुवा: जाळ्यात वाट आहे, जमिनीवर नाही. रस्ता वाहून गेलेला असतो, पूल अर्धवट असतो किंवा धरणाच्या पाण्याखाली गेलेला असतो.

या दोन चुका दिसायला एकमेकींचे आरसे वाटतात, पण त्यांचे परिणाम अजिबात सारखे नाहीत. गळालेला दुवा तुम्हाला वळसा घालायला लावतो, त्यात वेळ जातो आणि पेट्रोल जाते. खोटा दुवा मात्र तुम्हाला थेट पाण्यात नेऊ शकतो.

ही भीती पुस्तकी नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेल्या तिघांची मोटार अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात रात्री पाण्यात गेली. मोबाइलच्या नकाशावर रस्ता आणि पूल होता. प्रत्यक्षात तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा वाचला नाही. आसपासच्या गावांना पाणी चढले की तो रस्ता बंद होतो हे ठाऊक होते. नकाशाच्या जाळ्यात मात्र तो दुवा बारा महिने उघडा होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेली आणि बदायूँ या जिल्ह्यांच्या सीमेवर रामगंगा नदीच्या एका पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. पुलाचा पुढचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता. वाटशोधकात पूल सलग होता आणि पुलाच्या तोंडाशी पुरेसा अडथळाही नव्हता.

दोन्ही घटनांत वाट शोधणाऱ्या गणिताने आपले काम चोख केले, कारण त्याला दिलेल्या जाळ्यात तीच वाट स्वस्त होती.

आता ग्वारीघाटाकडे परत येऊ. घाटाच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बरगी धरण आहे. ते १९९० च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या जलाशयाखाली दीडशेहून अधिक गावांची जमीन कमीअधिक प्रमाणात गेली आणि जमिनीबरोबर गावांना जोडणारे जुने रस्ते, नदीकाठच्या पायवाटाही गेल्या. धरणाआधीच्या मोजणीवर काढलेल्या नकाशात हे रस्ते आहेत. असा जुना नकाशा संगणकात चढवताना कोणी जलाशयाची हद्द ताडून पाहिली नाही, तर पाण्याखालचा रस्ता जाळ्यात जिवंत राहतो.

काळाची बाजूही यातच येते. पावसाळ्यात बरगीचे दरवाजे उघडले की ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर पाणी चढते, नावा थांबतात आणि काठावर जाऊ नका असा इशारा दिला जातो. म्हणजे नावेचा दुवा जानेवारीत खरा आणि ऑगस्टमधल्या एखाद्या दिवशी खोटा असतो. महाराष्ट्रात भोर आणि महाड यांना जोडणारा वरंधा घाट दरडींच्या भीतीने पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवला जातो, तेही असेच. दुव्याला 'आहे' किंवा 'नाही' एवढेच म्हणून भागत नाही. तो कधी असतो आणि कोणासाठी असतो, हेही नोंदवावे लागते. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात हंगामी रस्ता, पाण्यातून जाणारी वाट, तात्पुरती बंदी अशा नोंदी करण्याची सोय आहे. पण सोय असणे वेगळे आणि कोणीतरी ती नोंद वेळेवर करणे वेगळे.

४. दुसरी उणीव: भाराचा अंदाज चुकीचा

जाळे बरोबर असले तरी दुव्यावरची संख्या चुकू शकते.

वेळेचा अंदाज दोन मार्गांनी येतो. वर्दळीच्या रस्त्यावर तिथून जाणाऱ्या मोबाइलांच्या हालचालीवरून वेग कळतो. जिथे मोबाइल फारसे जात नाहीत तिथे रस्त्याच्या प्रकारावरून वेग गृहीत धरला जातो, जसे राज्यमार्ग असेल तर इतका, गावरस्ता असेल तर तितका. हे गृहीतक सपाट, कोरड्या, डांबरी रस्त्यावर चालते. डोंगरातल्या वळणांवर, ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांमागे किंवा खडी उखडलेल्या रस्त्यावर चालत नाही.

समजा, ६० किमीच्या डोंगरी रस्त्यावर सॉफ्टवेअरने ताशी ४० किमी वेग धरला. उत्तर येते ९० मिनिटे. प्रत्यक्ष वेग ताशी २४ किमी मिळाला, तर १५० मिनिटे लागतात. आता शेजारचा ७० किमीचा चांगला रस्ता, जिथे खरोखर ताशी ४० किमी वेग मिळतो आणि १०५ मिनिटे लागतात, तो सॉफ्टवेअरने नाकारलेला असतो, कारण त्याच्या हिशेबात ९० हे १०५ पेक्षा कमी आहेत. म्हणजे भाराची चूक नुसती उशीर करून थांबत नाही, ती चुकीच्या रस्त्यावरही घालते.

मोबाइलवरून मिळणारा वेगही डोळे झाकून मानावा असा नसतो. फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिनमधला कलाकार सायमन व्हेकर्ट याने ९९ मोबाइल एका हातगाडीत घातले आणि ती गाडी मोकळ्या रस्त्यावरून हळूहळू ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लाल झाला. सॉफ्टवेअरला वाटले, ९९ गाड्या अडकल्या आहेत. ग्वारीघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नर्मदा जयंतीच्या दिवशी मोबाइलांचा दाट, मंद थवा दिसणारच. त्यातले किती पायी चाललेले भाविक आणि किती अडकलेली वाहने, हे वेगळे करणे सोपे काम नाही.

आणखी एक उणीव दाखवण्याच्या पद्धतीत आहे. पडद्यावर '१ तास ३० मिनिटे' असा एकच आकडा येतो. हजारो वाहनांच्या नोंदींवरून काढलेला आकडा आणि निव्वळ गृहीतकावरून काढलेला आकडा दोन्ही सारख्याच ठाम अक्षरांत दिसतात. अंदाज किती पक्का आहे हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

५. तिसरी उणीव: नाव आणि जागा जुळत नाहीत

वाट शोधण्याआधी सॉफ्टवेअरला 'कुठून' आणि 'कुठे' हे जाळ्यातल्या बिंदूंत बदलावे लागते. इथेही चुका होतात.

पहिली अडचण नावाची. ज्या घाटाबद्दल आपण बोलतो आहोत त्याला कोणी ग्वारीघाट म्हणतात, कोणी गौरीघाट. रोमन लिपीत तर त्याची आणखी रूपे होतात. मराठी माणसाच्या बाबतीत भर पडते ती 'घाट' या शब्दाची. नदीकाठच्या पायऱ्यांना आपण घाट म्हणतो आणि डोंगर चढून जाणाऱ्या रस्त्यालाही घाटच म्हणतो. ग्वारीघाट, तिलवाराघाट हे पहिल्या अर्थाचे. वरंधा, ताम्हिणी हे दुसऱ्या अर्थाचे. आपल्याला संदर्भावरून अर्थ कळतो. नावाची अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला तो आपोआप कळत नाही. शिवाय एकाच नावाची चार गावे एका जिल्ह्यात असणे आपल्याकडे नवे नाही, आणि म्हणून 'बुद्रुक' की 'खुर्द' हे विचारावे लागते.

दुसरी अडचण चिकटवण्याची. तुम्ही दिलेले ठिकाण अगदी रस्त्यावर नसते. ते देऊळ असते, शेतघर असते, आश्रम असतो. सॉफ्टवेअर त्या ठिकाणाला जवळच्या रस्त्याच्या दुव्यावर चिकटवते. 'जवळचा' हे बहुधा सरळ रेषेत मोजले जाते. नदीच्या अगदी काठावरच्या एखाद्या आश्रमापासून आपल्या बाजूचा रस्ता ६०० मीटरवर आणि पलीकडच्या तीरावरचा रस्ता ४०० मीटरवर असेल, तर सॉफ्टवेअर आश्रमाला पलीकडच्या रस्त्याला चिकटवू शकते. मग ते तुम्हाला नदीच्या चुकीच्या बाजूला नेऊन सोडते आणि 'तुम्ही पोचलात' असे सांगते.

हीच गोष्ट एकावर एक असलेल्या रस्त्यांची. मोबाइलला स्वतःची जागा काही मीटरच्या फरकाने कळते. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकमेकांवर पडतात, तेव्हा तुम्ही वर आहात की खाली हे ओळखणे कठीण जाते. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरच्या खाडीपुलावरून जाण्याऐवजी एक महिला नकाशाच्या आधाराने पुलाखालच्या रस्त्याने जेट्टीकडे गेली आणि मोटार खाडीत पडली. सागरी पोलिसांनी तिला वेळेवर बाहेर काढले म्हणून ती वाचली.

६. चौथी उणीव: प्रश्नच वेगळा असतो

आतापर्यंतच्या तीनही उणिवा माहितीच्या होत्या. माहिती सुधारली की त्या कमी होतात. चौथी उणीव मात्र माहिती पूर्ण असली तरी उरते.

सॉफ्टवेअर गृहीत धरते, की तुम्हाला कमीत कमी वेळात पोचायचे आहे. परिक्रमावासीला तसे नको असते. अमरकंटकला उगम पावून भरूचजवळ समुद्राला मिळणारी नर्मदा १,३१२ किमी लांब आहे. ती उजव्या हाताला ठेवून दक्षिण तीराने समुद्राकडे जायचे, मुखाजवळ नावेने समुद्रातून पलीकडे जायचे आणि उत्तर तीराने अमरकंटककडे परतायचे, अशी ही प्रदक्षिणा आहे. नर्मदेला मिळणाऱ्या उपनद्या ओलांडायला हरकत नाही, पण नर्मदा मात्र मध्ये ओलांडायची नाही.

आता एक खरे भूगोलाचे उदाहरण घ्या. मंडला शहर नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे आणि त्याच्यासमोर दक्षिण तीरावर महाराजपूर आहे. महाराजपूरहून निघून ग्वारीघाटासमोरच्या दक्षिण तीरावर यायचे आहे. दोन्ही ठिकाणे एकाच तीरावर. पण हमरस्त्याने गेलात, तर मंडल्याच्या पुलावरून उत्तर तीरावर यायचे, जबलपूरपर्यंत जायचे आणि तिलवाराच्या पुलावरून पुन्हा दक्षिण तीरावर उतरायचे, असा प्रवास होतो. म्हणजे नर्मदा दोनदा ओलांडली गेली. मोटारीने कामाला निघालेल्याला याचे काहीच वाटणार नाही. परिक्रमावासीची मात्र परिक्रमा खंडित होते. त्याला बरगीच्या जलाशयाला दक्षिणेकडून वळसा घालून, नैनपूर-घंसौरच्या मुलखातून यावे लागेल.

गणिताच्या दृष्टीने ही अट घालणे अवघड नाही. नर्मदेचे पात्र ओलांडणाऱ्या प्रत्येक दुव्याचा भार अनंत करायचा, म्हणजेच तो दुवा जाळ्यातून काढून टाकायचा आणि नेहमीची रीत चालवायची. अडचण अशी, की वापरणाऱ्याला ही अट सांगण्याची जागाच सहसा नसते. 'टोल टाळा', 'महामार्ग टाळा', 'फेरी टाळा' अशा ठरावीक खिडक्या असतात. 'ही नदी ओलांडू नका', 'संध्याकाळच्या आत मुक्कामाला आश्रम किंवा धर्मशाळा हवी', 'पायाखाली डांबर नको', 'रात्री जंगलातून नको' अशा नसतात.

परिक्रमा हे ठळक उदाहरण झाले. पण तुमच्या आजूबाजूला पाहा. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला पायऱ्या म्हणजे न ओलांडता येणारी नदीच आहे. रात्री कामावरून परतणारी मुलगी दिव्यांचा लांब रस्ता धरते, अंधाराचा जवळचा नाही. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला तीव्र चढ नको असतो. दर वेळी 'सर्वांत लवकर' हे उत्तर बरोबर असते, पण प्रश्न दुसऱ्याच कोणाचा असतो.

७. दुरुस्ती कोणी करायची?

भारतात सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था १७६७ पासून नकाशे करते. पूर्वी तपशीलवार नकाशांच्या माहितीवर परवानग्यांची बंधने होती. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्था व कंपन्यांसाठी ती पुष्कळ सैल केली. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि त्यात कोणालाही भर घालता येते. म्हणजे नकाशा करणारे हात वाढले आहेत.

तरी एक जागा मोकळी राहते. पूल बंद केल्याची माहिती सर्वांत आधी असते ती बांधकाम खात्याकडे, धरणाचे दरवाजे उघडल्याची ती पाटबंधारे खात्याकडे, दरड कोसळल्याची ती तहसीलदाराकडे आणि गावकऱ्यांकडे. ती फलकावर येते, वृत्तपत्रात येते, भोंग्यावर ऐकू येते. पण जाळ्यातल्या त्या एका दुव्यापर्यंत ती आपोआप पोचेलच असे नाही. रामगंगेच्या दुर्घटनेनंतर पोलिसांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर नकाशा कंपनीच्या एका अनाम अधिकाऱ्याचाही तक्रारीत समावेश केला. जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्यातून उघडपणे पुढे आला.

सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांनी तिसऱ्या भागात पाहिलेला फरक ध्यानात ठेवला पाहिजे. गळालेला दुवा आणि खोटा दुवा यांची किंमत सारखी नाही. म्हणून पाणी ओलांडणारा दुवा जाळ्यात घालताना पुरावा जास्त मागावा, आणि बरेच दिवस ज्या पुलावरून एकही वाहन गेलेले नाही त्याबद्दल शंका दाखवावी. ठाम चुकण्यापेक्षा 'या पुलाची खात्री नाही' असे सांगणे केव्हाही बरे.

वापरणारे म्हणून तुम्ही एवढे करा:

• अनोळखी भागात रात्री, पावसाळ्यात किंवा धरणाच्या जवळ जाताना नकाशावर निळा रंग जिथे जिथे रस्त्याला छेदतो ती ठिकाणे आधी पाहून ठेवा.
• अशा ठिकाणाच्या अलीकडच्या गावात थांबून विचारा. चहाच्या टपरीवरच्या माणसाकडची माहिती बहुधा आजची असते, नकाशातली किती जुनी आहे हे कळत नाही.
• वर्दळीचा रस्ता सोडून सॉफ्टवेअर पाच-दहा मिनिटे वाचवण्यासाठी आत वळवत असेल, तर त्या मिनिटांसाठी काय पणाला लागते ते पाहा.
• पाणी दिसले आणि तळ दिसला नाही, तर गाडी थांबवा. पडद्यावरची रेघ पुढे जात असली तरी.
• चूक आढळली तर कळवा किंवा खुल्या नकाशात स्वतः दुरुस्त करा. तुम्ही पाच मिनिटांत काढलेला खोटा दुवा पुढच्या कोणाचा तरी जीव वाचवू शकतो.

८. सारांश

वाटशोधक सॉफ्टवेअर त्याला दिलेल्या जाळ्यातली सर्वांत स्वस्त वाट अचूक शोधते. चूक शिरते ती जाळ्यात, भारात, नाव-जागेच्या जुळणीत किंवा प्रश्नात. पहिल्या तिन्ही चुका चांगल्या आणि ताज्या माहितीने कमी होतात. चौथीसाठी वापरणाऱ्याला आपली अट सांगता आली पाहिजे. चुकांमध्ये सर्वांत घातक खोटा दुवा, आणि तो बहुतेकदा पाण्याच्या काठी सापडतो. ग्वारीघाटावरचा परिक्रमावासी वाट विचारत विचारत पुढे जातो. विचारण्याची ही सवय मोबाइल हातात असतानाही सोडू नका.

स्वाध्याय

१. 'वाट शोधण्याचे गणित बरोबर असूनही रस्ता चुकीचा येतो.' अकोले तालुक्यातल्या घटनेच्या आधारे स्पष्ट करा.

२. भाग २ मधल्या उदाहरणात घाट ते पूल या रस्त्यावर उत्सवामुळे वेग ताशी १० किमी झाला. मोटारवाल्याला एकूण किती मिनिटे लागतील? (उत्तर: ४२ + १२ = ५४ मिनिटे)

३. गळालेला दुवा आणि खोटा दुवा यांचे तुमच्या तालुक्यातले प्रत्येकी एक उदाहरण शोधा. ते कोणाला ठाऊक आहे आणि नकाशापर्यंत का पोचले नाही, हे विचारून लिहा.

४. तुमच्या गावातल्या एखाद्या ठिकाणाच्या नावाची मराठीत आणि रोमन लिपीत किती रूपे चालतात ती नोंदवा. प्रत्येक रूप नकाशात शोधून निकाल ताडून पाहा.

५. परिक्रमावासी, चाकाच्या खुर्चीतला विद्यार्थी आणि रुग्णवाहिकेचा चालक या तिघांसाठी एकाच शहराच्या जाळ्यातले दुवे आणि भार कसे बदलावे लागतील, ते तक्त्यात मांडा.